सावधाननंतरचं हसू

लखनौतल्या माणसाच्या हातात अक्षता दिल्या की तो त्या लगेच टाकून मोकळा होतो, हे आमच्या आईचं जन्माचं दुखणं होतं. तिथे आमच्या ओळखीत जी काही मराठी लग्नं लागली, त्यातल्या बहुतेकांत मंगलाष्टकं तिनेच म्हटली. साताऱ्या-पुण्याहून चार नातेवाईक यायचे, त्यांचा घसा उत्तरेतल्या थंडीने बसलेला असायचा. भटजी कानपूरहून यायचे आणि परतीच्या गाडीकडे डोळा ठेवून उरकायचे. मग आईला बोलावणं. समोर अर्धा हॉल कॉलनीतले आणि ऑफिसातले तिकडचे लोक. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असायचं, 'चावल डालना है', पण कधी, ते कुणी सांगितलेलं नसायचं. आई पहिली ओळ म्हणते न म्हणते तोच तांदूळ उडायला लागायचे, आणि खरं 'सावधान' येईपर्यंत सगळ्यांच्या मुठी रिकाम्या. आई भर लग्नात डोळे वटारायची. शेवटी तिने यावर आपला उपाय काढला. डावा हात वर धरायचा आणि 'सावधान' एवढं लांबवायचं, एवढं लांबवायचं, की ऐकणाऱ्याने श्वास धरून बसावं. हात खाली आला की टाका. असं लांबवलेलं सावधान मी पुढे महाराष्ट्रात कुठल्याही लग्नात ऐकलं नाही. ते लखनौतल्या तांदळांमुळे जन्माला आलं होतं.

मंगलाष्टकांचे शब्द ती प्रत्येक जोडप्यासाठी नवे जुळवायची. स्वयंपाक करता करता, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, मुलीच्या आजोळचं गाव आणि मुलाच्या आजीचं नाव वृत्तात बसवत असायची, आणि बसलं नाही की चिडून आमटीत मीठ दोनदा टाकायची. एका घरी म्हटलेलं दुसऱ्या घरी म्हणायचं नाही, हा तिचा नियम. ''ते आहेरात दिलं. दिलेला आहेर उचलून दुसऱ्याला देतात का गं?'' चाल मात्र तिने कुठून कुठून उचललेली. सुरुवात तिच्या साताऱ्याच्या आत्याची, आणि मधली एक वळणदार जागा चक्क शेजारच्या मिश्रा चाचींच्या सोहरातली. सोहर म्हणजे तिकडे बाळ झाल्यावर बायका म्हणतात ती गाणी. मी म्हणायचे, ''आई, अगं हेच तर सॅम्पलिंग!'' तर ती फणकारायची, ''मी काही उचलत नाही हं. मला आवडतं, म्हणून ते येतं.'' या वाक्यावर मी नंतर मोठमोठ्या वकिलांना निरुत्तर झालेलं पाहिलंय.

आणि बाबा? बाबा एका संशोधन संस्थेत झाडांवरच्या बुरशीचा अभ्यास करायचे, आणि घरात प्रत्येक गोष्टीला संदर्भ मागायचे. 'असं म्हणतात' म्हटलं की संपलंच. ''कोण म्हणतं? कुठे म्हणतं?'' एकदा आईने शेवग्याच्या शेंगांची भाजी निराळ्या पद्धतीने केली तर जेवता जेवता विचारतात, ''ही कृती मूळ कुणाची?'' आईने त्यांच्या ताटातली वाटी उचलून घेतली होती. अशा या दोघांच्या मधे, इंदिरा नगरच्या त्या घरात, मागच्या खोलीत लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन मी बसायचे आणि मिळेल तो आवाज कापायचे, ताणायचे, उलटा करायचे. सब्जीवाल्याची हाक, मिक्सर, मिश्रा चाचींच्या गेटची कडी. काहीच सोडलं नाही. आता माझ्याकडे आवाजबंद भिंतींचा स्टुडिओ आहे आणि त्यात बसून लोकांना हवे तेच आवाज करून देते, पण तशी मजा येत नाही, हे सांगायला मला कुणाची चोरी नाही.

केतकीताईचं लग्न अलीगंजच्या एका लॉनवर झालं. केतकीताई म्हणजे नलूमावशीची मुलगी, आणि नलूमावशी म्हणजे आईची लखनौतली सगळ्यात जवळची मैत्रीण. नात्याची नाही, पण सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त. केतकीताईने मला सायकल शिकवली होती आणि आईपासून माझे चाचणीचे मार्कही लपवले होते. तर त्या लग्नात आई हात वर धरून सावधान लांबवते आहे, सगळा मांडव श्वास धरून उभा आहे, आणि तेवढ्यात नलूमावशीच्या शेजारचे श्रीवास्तव अंकल, मुठीत तांदूळ, अगदी व्याकूळ होऊन मोठ्याने विचारतात, ''अब? अब डालें?'' आणि अंतरपाटामागून नवरी हसली. हळू नाही, पदर तोंडाशी धरून नाही. खदखदून. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, नलूमावशीने कपाळाला हात लावला. आई मात्र सूर न सोडता सावधानाच्या टोकापर्यंत गेली.

लग्नानंतर काही दिवसांनी केतकीताईने स्वतःच मला व्हिडिओतला तेवढा तुकडा फोनवर पाठवला. खाली लिहिलं होतं, ''तेरे काम का है. बघ काय करतेस.'' मी केलं. आईचं सावधान, त्याच्याखाली ढोलकीचा ठेका, ठेका वाढत वाढत जातो, अचानक थांबतो, ''अब? अब डालें?'', मग ते हसू, आणि हसण्याच्या शेवटच्या टोकावर सगळी वाद्यं एकदम. मी माझ्या चॅनलवर टाकलं. बघता बघता लोकांनी त्याच्यावर नाचायला सुरुवात केली. हळदीत, साखरपुड्यात, कॉलेजच्या फंक्शनमध्ये. श्रीवास्तव अंकल मिठाईचा डबा घेऊन घरी आले आणि म्हणाले, ''बिटिया, नाम भी डाल देतीं हमारा.'' मी त्यांचं नाव घातलं. आईचं, केतकीताईचंही घातलं. बाबांनी ते वाचून चष्मा वर सरकवला आणि ''बरोबर'' म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मिळवायला त्यांच्या विद्यार्थ्यांना वर्षं लागायची.

मग केतकीताईचं लग्न मोडलं. का, कसं, ते तिचं ती सांगेल, मी सांगणार नाही. ती अलीगंजला आईवडिलांकडे परत आली, सरोजिनी नगरच्या बँकेतली नोकरी चालू ठेवली, रोज स्कूटीवरून जायची-यायची. आणि आमच्या सगळ्या मराठी मंडळींनी एक न बोललेला ठराव केल्यासारखं तिच्यासमोर लग्न हा शब्दच टाकून दिला. तिच्यासमोर कुणाच्या लग्नाचं आमंत्रण वाचायचं नाही, नाव काढायचं नाही. दुसऱ्याच्या मुलीला शालू घेतला तरी ''एक साडी घेतली'' म्हणायचं. बिचारीला जपायचं म्हणे. मला तेव्हाही या जपण्याचा वैताग यायचा.

अशात एक दिवस मेल आला की माझं गाणं दुसऱ्या कुणाच्या गाण्याची नक्कल आहे, म्हणून ते बंद केलं आहे. माझं गाणं! कुणाच्या? तर दूरच्या शहरातली एक कंपनी, लग्नाच्या वरातीसाठी गाणी बनवणारी. त्यांचं गाणं लावून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. ठेका माझा. थांबण्याची जागा माझी. आईचं सावधान कुण्या दुसऱ्या बाईकडून जसंच्या तसं म्हणवून घेतलेलं, त्या सोहराच्या वळणासकट. आणि अंकलचं ''अब डालें'' आणि केतकीताईचं हसू तर सरळ उचलून चिकटवलेलं. त्यांनी ते सगळं, चॅनलवरची गाणी आपोआप ताडून बघणाऱ्या यंत्रात आधी नोंदवलं होतं, आणि यंत्राला काय, जो आधी नोंदवेल तो मालक. आक्षेप घ्यायला मुदत होती. ती टळली असती तर चॅनलच बंद झालं असतं. आणि मी नुकताच मुंबईच्या एका ध्वनी-अभ्यासक्रमाला अर्ज केला होता आणि त्यात माझं म्हणून जे काही काम होतं, त्याची एकच लिंक दिली होती. ती हीच.

मी बाबांना सांगितलं आणि तिथेच चुकलं. बाबांना असा विषय म्हणजे मेजवानी. त्यांनी कायदा वाचायला घेतला, फेअर यूज म्हणजे काय, परदेशात काय, आपल्याकडे त्याला काय नाव, समीक्षेसाठी किती घेतलेलं चालतं, विडंबनासाठी किती. आणि मग नियतकालिकाच्या परीक्षकाला उत्तर द्यावं तसा मुद्देवार मसुदा लिहायला बसले. 'आक्षेपकर्त्यांच्या निरीक्षणाबद्दल आम्ही आभारी आहोत.' आभारी! मी ओरडले, ''बाबा, चोर आहेत ते!'' तर म्हणतात, ''सिद्ध होईपर्यंत ते सहकारी आहेत. शिवाय तूही ढोलकीचा ठेका कुठून तरी घेतलाच आहेस.'' लग्नाच्या व्हिडिओवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ''रिकॉर्डिंग तो हमारी है, दीदी, आप दोनों ही हमें पूछे बिना चला रहे हो.'' मूळ फाइल मात्र त्याच्याकडेही उरली नव्हती. आवाज आईचा, प्रश्न अंकलचा, हसू केतकीताईचं, कॅमेरा त्याचा, ठेका माझा, आणि पैसे-मान सगळं त्या कंपनीचं. सांगा आता, माणसाने डोकं कुठे आपटावं?

बाबांचं म्हणणं, माझ्याकडचा तुकडा अगदीच छोटा, फोनमधून येऊन फाटलेला, मूळ पूर्ण व्हिडिओ हवा. म्हणून आईने नलूमावशीला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ''तो विषय नको म्हणाली. केतकीला त्रास होतो. आणि चिनू, ते गाणं गेलं तर जाऊ दे. बरंच झालं एका परीने. रस्त्यात कुठे लागलं की पोरीच्या काळजात काय होत असेल!'' मी म्हटलं, ''तिला विचारलं कुणी?'' ''असल्या गोष्टी विचारायच्या असतात का?'' ''मग तुला कसं कळलं त्रास होतो ते?'' ''मला कळतं.'' यावर बाबांनीसुद्धा संदर्भ मागितला नाही. एरवी वाटीभर भाजीचा मागतात.

मी स्कूटी काढली आणि अलीगंज गाठलं. थंडीचे दिवस, नलूमावशी मटारच्या करंज्या तळत होती. मी तोंड उघडलं की ती ताटात करंजी टाकायची. ''मावशी, तो व्हिडिओ...'' ''आधी खा.'' ''मावशी, फक्त एकदाच...'' ''गरम आहे तोवर घे गं.'' केतकीताईचे बाबा, म्हणजे काका, समोर टीव्ही लावून बसलेले, आवाज वाढवत होते. पोट फुटायची वेळ आली तेव्हा काका टीव्हीकडे बघतच म्हणाले, ''व्हिडिओ नाहीये. पेन ड्राइव्ह मी पुसून टाकला.'' ''आणि अल्बम?'' मावशी कढईकडे बघत म्हणाली, ''फाडला. नुसता रद्दीत दिला नाही, आधी फाडला. कुणाच्या हाती पडायला नको.''

केतकीताई दारात उभी होती. हेल्मेट हातात, बँकेची पिशवी खांद्यावर. ती कधी आली कुणाला कळलंच नव्हतं.

''क्या फाड दिया?'' ती म्हणाली. ती चिडली की हिंदीत जायची. मीच सगळं सांगून टाकलं. कंपनी, दावा, अर्ज, सगळं. मावशी मला डोळ्यांनी दटावत होती, पण त्या घरात कुणीतरी एकदा बोलायलाच हवं होतं.

''बाबा, सगळं पुसलंत?''

''तुझ्यासाठीच बेटा. तुला त्रास नको म्हणून.''

''किसने बोला मुझे तकलीफ होती है? कुणी विचारलं मला?'' तिने हेल्मेट टेबलावर आपटलं, करंज्यांचं ताट उडालं. ''घटस्फोट माझा त्याच्याशी झाला, बाबा. त्या दिवसाशी नाही झाला! त्या दिवशी मी खूश होते. खोटी नव्हते. माझी मैत्रीण आली होती, आजी आली होती, काकू गात होत्या. ते सगळं त्याच्या बापाचं होतं काय? नंतरचं सगळं चुकलं, पण तो दिवस माझा होता, आणि तो तुम्ही पुसून बसलात. मला न विचारता!''

काकांनी टीव्ही बंद केला. मावशी पदराने डोळे पुसायला लागली तर केतकीताई तिच्यावर आणखीच भडकली, ''रोना मत, मम्मी. आज नको.'' मग माझ्याकडे वळली. ''तुझ्याकडे आहे ना तो तुकडा? लाव.''

मी फोनवर लावला. त्या स्वयंपाकघरात, तेलाच्या वासात, आईचं सावधान लांबत गेलं, अंकलनी विचारलं, आणि ती हसली. फोनमधली केतकीताई हसली आणि समोरची फोनकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. नाही रडली. ''बापरे,'' म्हणाली, ''मी किती मोठ्याने हसलेय.'' पुन्हा लाव म्हणाली. मग पुन्हा. माझ्या अर्जाचं काय होणार हे त्या क्षणी मी खरंच विसरले होते. एवढंच कळत होतं की त्या मुलीच्या आनंदाची सगळ्या जगात एवढीच एक खूण उरली आहे आणि ती एका वरातगाणी विकणाऱ्या कंपनीच्या नावावर चढली आहे.

रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली. आईने पोहे केले होते आणि ती केतकीताईच्या नजरेला नजर देत नव्हती. बाबांनी लॅपटॉप उघडला. ''तुझा दावा नेमका कशावर?''

''हसण्यावर.''

''हं. आता हसणं ही निर्मिती म्हणता येईल का, हा प्रश्न आहे. गाणं, भाषण, वादन यांना कलावंताचा हक्क लागू होतो. पण उत्स्फूर्त हास्य...''

''काका, तो माझा आवाज आहे.''

''आहे, आहे. पण मुद्दा असा की...''

''अहो, गप्प बसा आणि लिहा!'' आई स्वयंपाकघरातून ओरडली. आई, जी गाणं गेलं तर बरंच म्हणाली होती, ती. मग ती हात पुसत बाहेर आली आणि केतकीताईला म्हणाली, ''मला वाटलं गं, तुला...''

''काकू, ती मंगलाष्टकं तुम्ही मला आहेरात दिलीत ना? मग ती माझी. मी त्यातला तुकडा चिनूला दिला. त्या लोकांना मी काही दिलेलं नाही.'' आईने तिच्या बशीत पोह्यांचा आणखी एक डाव वाढला. बाबांनी लिहिलं. केतकीताईने सांगितलं तसंच, एक शब्द न बदलता. आभारी आहोत वगैरे काढून टाकलं. तिने तिथेच बसून आपल्या आवाजात चार वाक्यं रेकॉर्ड करून दिली, मी कोण, लग्न कुठे झालं, तिथे कोण हसलं. फक्त पडताळणीसाठी एकदा हसून दाखव असं बाबा म्हणाले, तेव्हा तिला ते जमलं नाही. तिने दोनदा प्रयत्न केला. ''नहीं आ रहा, काका,'' म्हणाली. बाबांनी तो मुद्दा सोडून दिला.

त्यानंतर यंत्रं आमच्याशी बोलत राहिली. तुमची तक्रार मिळाली आहे, विचाराधीन आहे, पुन्हा मिळाली आहे. मी त्या दिवसांत घरात कुणाशी सरळ बोललेच नाही. मुंबईच्या अभ्यासक्रमवाल्यांनी लिंक उघडली तेव्हा ती बंदच होती. त्यांनी कळवलं, खेद आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. त्यांच्या खेदाचं मी काय लोणचं घालू? ते एक वर्ष माझं गेलं ते गेलंच, आणि आजही कुणी मला सांगायला लागलं की अशा गोष्टींतून माणूस घडतो, की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

मग एका माणसाचं, खऱ्या माणसाचं, उत्तर आलं. कंपनी वादग्रस्त भाग काढून टाकत आहे, आणि माझ्या गाण्यावरचा दावा मागे घेत आहे. मला वाटलं, जिंकलो! आईने शिरा केला. आणि लग्नसराई सुरू झाली.

त्या संध्याकाळी केतकीताई बँकेतून परस्पर आमच्याकडेच आली होती. खालून वरात निघाली, बँडच्या गाडीवर झुंबराचे दिवे, आणि कर्ण्यातून तेच गाणं. आम्ही दोघी बाल्कनीत धावलो. ठेका तोच. ती दुसरी बाई सावधान लांबवते आहे. ठेका थांबतो. ''अब? अब डालें?'' आणि लगेच वाद्यं. हसू नाही. त्यांनी वादग्रस्त भाग म्हणून फक्त तेवढंच कापलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी, आणि लोक खाली बेभान नाचत होते.

मी कठड्यावर मूठ आपटली. ''बघ! सगळं माझंच वाजतंय, ताई! आईची चाल, माझा ठेका, अंकलसुद्धा! फक्त तुझं काढलं!''

''हो ना,'' ती कठड्यावर रेलून म्हणाली. ''माझं मला मिळालं. आता तुझं तू भांड.''

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझा चेहरा कसा झाला होता देव जाणे, आणि तिला हसू फुटलं. खदखदून. खालच्या नाचणाऱ्यांतल्या दोघा-तिघांनी वर बघितलं, आतून आई पळी हातात घेऊन धावत आली आणि दारातच थबकली. माहेरी परत आल्यापासून ती असं हसलेली आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. केतकीताईने हसता हसताच माझं मनगट घट्ट पकडलं.

''पूछ के,'' ती म्हणाली.